अण्णा जेवायला गेले होते

सोपानअण्णा काम सुरू करण्याआधी हात धुवायचे. काम झाल्यावर सगळेच धुतात. अण्णा आधी धुवायचे, साबण लावून, नखांच्या कडेने जुना दात घासायचा ब्रश फिरवून, आणि मग दोन्ही पंजे उन्हात धरून वाळवायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, पाच मिनिटांत ग्रीसमध्ये बुडणारच आहेत ना हात?" तर म्हणाले, "त्येचं ग्रीस आपल्या हाताला लागलं तर चालतंय, साहेब. आपला मळ त्येच्या आत नको जायला."

तळवड्यात आम्ही पाच वर्षं त्यांच्या घरात भाड्याने राहिलो. तळमजल्यावर अण्णा आणि काकू, पहिल्या मजल्यावर त्यांचा मुलगा दत्ता, त्याची बायको आणि मुलं, दुसऱ्या मजल्यावर मृणाल आणि मी. आजूबाजूला एके काळी त्यांची शेती होती. तिथे आता पत्र्याच्या शेड आणि काचेच्या इमारती आहेत. घरामागे एक अरुंद पट्टी तेवढी उरली होती. तिच्यात अण्णा मेथी आणि वांगी लावायचे.

तरुणपणी जमीन असतानाच अण्णा कंपनीत लागले होते. पिंपरीतल्या एका कारखान्यात, गिअरबॉक्स जुळवण्याच्या खात्यात, तीसेक वर्षं. गिअरबॉक्सला ते 'पेटी' म्हणायचे. पेटी बिघडली किंवा तुटली असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ती 'दमलेली' असायची. मीही त्याच धंद्यातला. चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला इंजिनिअर. रोज शेकडो गिअर पास-नापास करायचो आणि स्वतःच्या हाताने एकही गिअरबॉक्स मी कधी उघडला नव्हता. हे मी कुणाला सांगत नसे. अण्णांनी मात्र ते पहिल्या आठवड्यातच ओळखलं असावं. त्यांनी मला कधी तसं दाखवलं नाही. फक्त 'साहेब' म्हणायचे. "अहो, नावाने हाक मारा," असं मी म्हणालो, तर म्हणाले, "नावानं हाक मारली की मग कामं सांगावी लागत्यात."

त्यांच्या कामाची एक रीत होती. काकूंची एक जुनी पितळी परात त्यांनी मागून घेतली होती. काढलेले बोल्ट ते तिच्यात मांडायचे, आणि मांडायचे म्हणजे जसे यंत्रावर होते तसेच, गोलाचा गोल, चौकोनाचा चौकोन. परत बसवताना प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा. बोट थकलं, पुढे जाईना, की मग पाना. सुरुवातीलाच पाना लावणारा माणूस दिसला की ते तोंड फिरवायचे. आणि साडेबारा वाजले की हातातलं काम हातात असेल तिथे ठेवून जेवायला उठायचे. कंपनीत तीस वर्षं त्या वेळेला भोंगा वाजत होता. निवृत्त झाल्यावर भोंगा गेला, पण वेळ राहिली. जेवून पुन्हा हात धुवायचे, तोच साबण, तोच ब्रश.

मृणालचा मिक्सर बंद पडला तेव्हा ती तो घेऊन खाली गेली. अण्णांनी झाकण उघडलं, आत बराच वेळ पाहिलं, स्क्रू परत लावले आणि मिक्सर तिच्या हातात दिला. "मला येत न्हाई," म्हणाले. बस. 'पार्ट मिळत नाही', 'कंपनीने असं केलंय', असलं काही नाही. मृणालला याचं फार कौतुक वाटलं. मला वाटलं, म्हातारा झालाय. आमच्या ऑफिसात 'मला येत नाही' हे वाक्य गेल्या दहा वर्षांत कुणी उच्चारलेलं मला आठवत नव्हतं. मी तर नाहीच.

एक गोष्ट काकूंनी सांगितली होती, पायरीवर लसूण सोलत. अण्णा कंपनीत असताना एका पेटीवरून अंगठा फिरवून म्हणाले, ही जाऊ द्यायची नाही. तपासणीचं मशीन म्हणत होतं, बरोबर आहे. सुपरवायझर म्हणत होता, बरोबर आहे, गाडी भरायची थांबलीय. अण्णांनी वाद घातला नाही. पेटीशेजारी स्टूल घेतलं आणि बसले. शिफ्ट संपली तरी बसून. शेवटी वैतागून ती उघडली, तेव्हा आत एका दातावर केसाएवढी चीर निघाली. "मग शाबासकी दिली का काकू त्यांना?" मी विचारलं. काकू हसल्या. "कसली शाबासकी! दोन दिस कोण बोललं न्हाई त्येंच्याशी. पर ह्येंना काय त्येचं न्हाई. पेटी उघडली ना, झालं."

गावात अण्णांचं नाव होतं ते यासाठी. 'सोपानअण्णा घाई करत न्हाई.' पिठाच्या गिरणीवाल्यापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळे हेच सांगायचे. काहीजण कौतुकाने, काहीजण कंटाळून.

माझी गाडी दहा वर्षांची होती, छोटी, लाल. एका संध्याकाळी मी ती आत घेतली तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "साहेब, तुमची तिसरी ओरडती."

मी हसून वर गेलो. दीड महिन्यात तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. चाकणच्या रस्त्यावर, मागे कंटेनर आणि पुढे कंटेनर, आणि गाडी मध्येच मोकळी. वर्कशॉपवाल्याने पाहून सांगितलं, गिअरबॉक्स बदला. पैशाचा प्रश्न नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मी गाडी तिथेच सोडून येऊ शकलो असतो. पण त्याच सुमाराला ऑफिसात एक नवीन मुलगी लागली होती, ट्रेनी. जेवताना तिने सहज सांगितलं की कॉलेजात असताना तिने आणि तिच्या भावाने घरच्या जीपचा गिअरबॉक्स उतरवून बसवला होता. सगळे तिच्याकडे बघायला लागले. आणि मी, खात्यात तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, म्हणालो, "मी पण करतोय या महिन्यात. घरीच."

तोवर मी असं काही ठरवलेलं नव्हतं. बोलून गेलो आणि मग ठरवलं.

मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. वीस मिनिटांत माणूस गिअरबॉक्स काढून बाजूला ठेवत होता. कुदळवाडीच्या भंगारातून एक चांगल्या अवस्थेतला गिअरबॉक्स आणला आणि अण्णांच्या पार्किंगमध्ये गोणपाटावर ठेवला. अण्णा त्याच्याभोवती फिरले. उकिडवे बसले, आत बोट घालून दात चाचपले. "बरी हाय," म्हणाले.

"अण्णा, घरी होईल ना हे?"

"व्हतं की. न व्हायला काय झालं."

"मग करू?"

"तुमी का करताय ते सांगा."

मी शिकायचंय वगैरे काहीतरी म्हणालो.

"हौस असंल तर मोटारसायकल खोला, साहेब. चुकलं तर ढकलत न्याल. पेटी काढायची म्हणजे तिच्याखाली निजावं लागतंय. सिमेंटच्या पोत्याला थोडीच कमी असती ती. आन पोतं मऊ असतंय." मग जरा थांबून म्हणाले, "वर्कशापात द्या. त्यात काय कमीपणा न्हाई."

कमीपणा हा शब्द त्यांनी कुठून काढला कोण जाणे. मी चिडलो. म्हणालो, "तुम्ही नसलात तरी मी करणार आहे." हे ऐकून ते उठले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मला अटी सांगायला लागले. गाडी उतारावर नाही, पुढच्या कोब्यावर घ्यायची. चार मजबूत स्टँड. पेटी उतरवायला तिच्यासाठीचा रुंद बशीचा जॅक आणायचा, निगडीतला त्यांचा ओळखीचा गॅरेजवाला देईल. आणि एकट्याने खाली जायचं नाही. मी प्रत्येक अटीला हो म्हणालो. मला तेव्हा त्यांचा हो हवा होता, अटी नव्हत्या.

त्या शुक्रवारी मी ऑफिसच्या ग्रुपवर गोणपाटावरच्या गिअरबॉक्सचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'या रविवारी. स्वतः. सोमवारी याच गाडीने येतो.' चाळीसेक अंगठे आले. त्या ट्रेनी मुलीनेही एक टाकला.

निगडीच्या गॅरेजवाल्याचा जॅक बाहेर गेला होता, सोमवारी येणार होता. मी अण्णांना सांगितलं ते रविवारी सकाळी, गाडी स्टँडवर चढवून झाल्यावर. "आपला साधा जॅक आहे, वर फळी ठेवू. सगळे तसंच करतात." अण्णा हात धुवायला गेले. मृणाल माहेरी कोल्हापूरला गेली होती. दत्ता प्लॉटच्या कामाला आळंदीकडे गेला होता. आठ वाजता आम्ही सुरुवात केली.

साडेचार तास ज्या शांतपणे ते काम चाललं, तसं काम मी आयुष्यात आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. अण्णा सांगायचे, मी करायचो. चुकलो की ते "अंहं" म्हणायचे, एवढंच. बॅटरी निघाली, तेल निघालं, दोन्ही बाजूंचे एक्सल निघाले. इंजिनला खालून ठोकळ्याचा आधार दिला. परातीत बोल्ट गोलात मांडले गेले. मला वाटायला लागलं, आपल्याला येतंय. मध्येच अण्णा म्हणाले, "हात बरा हाय तुमचा." लहानपणी कुणी शाबासकी दिल्यावर व्हायचं तसं माझं झालं.

साडेबाराला गिअरबॉक्सचे दोनच बोल्ट उरले. त्याच्याखाली माझा साधा जॅक होता आणि वर फळी. अण्णांनी वाकून पाहिलं, फळी हाताने हलवून पाहिली. ती हलली.

"ह्यावर पेटी ऱ्हाणार न्हाई. घरात साखळी हाय माझी. वरनं बांधू आन मग सोडू. जेवून येतो, येताना आणतो."

"अण्णा, दोनच बोल्ट आहेत."

"तेच म्हणतोय. हे दोन तसेच. तवर हात लावायचा न्हाई. तुमी पण चला, काकूनं आमटी केलीय."

"मी पोहे खाल्लेत," मी म्हणालो.

ते हात धुवून आत गेले.

मी पाच मिनिटं बसलो असेन. मोबाईल काढला. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, 'झालं का?' मी परत व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाकडे साखळी नव्हती. मनात आलं, अण्णा जेवून येतील तेव्हा गिअरबॉक्स खाली फळीवर असेल. ते काहीच बोलणार नाहीत, पण त्यांना कळेल.

मी खाली सरकलो. पहिला बोल्ट सहज आला. दुसरा हटेना. मी पान्यावर तळहाताने ठोसा मारला, दोनदा, तीनदा. तो सुटला आणि गिअरबॉक्स इंजिनपासून अलग होऊन माझ्या बाजूला कलला. फळी घसरली. मी दोन्ही हातांनी तो धरला. धरला म्हणजे तो माझ्या छातीवर यायचा तेवढा थांबला. डावा पाय जॅकच्या दांड्यात अडकला होता. मी ओरडलो. "अण्णा!" एकदाच. दुसऱ्यांदा ओरडायला श्वास नव्हता.

ते आले ते मला दिसले नाहीत, त्यांचा हात दिसला. त्या हाताला भात आणि आमटी लागलेली होती. हात न धुता त्यांनी यंत्राला हात लावलेला मी तेवढाच पाहिला. त्यांनी काही विचारलं नाही. आडवे झाले, उजवा पंजा गिअरबॉक्सखाली घातला, खांदा लावला आणि म्हणाले, "सरका." मी सरकलो. "पाय काढा." मी पाय ओढला. माझे हात सुटले तसा सगळा भार त्यांच्यावर गेला, जॅक बाजूला उडाला आणि गिअरबॉक्स खाली बसला, त्यांच्या पंजावर.

ते ओरडले नाहीत. "उचला," म्हणाले. मला एकट्याला उचलेना. काकू धावत आल्या, त्यांनी पदर खोचला आणि आम्ही दोघांनी तो उचलला.

रिक्षाने आम्ही पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. काकूंनी अण्णांचा हात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून आपल्या मांडीवर धरला होता. डॉक्टर तपासत होते तेवढ्यात दत्ता पोचला. दत्ता अंगाने दांडगा, तोंडाने तिखट, आणि बापावर त्याचा जीव. स्ट्रेचरजवळ येऊन त्याने पाहिलं, आणि माझ्याकडे वळला.

"गाडीखाली कुणी घातलं ह्यांना?"

तो अगदी जवळ उभा होता. मला त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मी म्हणालो, "मी नको म्हणत होतो, दत्ताभाऊ. अण्णा ऐकले नाहीत."

वाक्य फार सहज आलं. जणू ते तयारच होतं.

अण्णांचे डोळे मिटलेले होते. ते त्यांनी उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "व्हय," म्हणाले. "म्याच गेलो. ह्ये नको म्हणत हुते."

काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. तिसरं राहिलं, पण वळत नव्हतं. अंगठा आखडला. हे नुकसान सांगता येतं, दाखवता येतं. जे दुसरं नुकसान मी केलं ते असं दाखवता येत नाही, म्हणून ते जरा नीट सांगायला हवं.

दत्ता रोज बोलायला लागला. जिन्यावरून मला ऐकू यायचं. "या वयात काय सिद्ध करायचं हुतं?" "तो शिकलेला माणूस नको म्हणतोय आन तुमी घुसताय!" त्याचा तो राग म्हणजे भीतीच होती, हे मला कळत होतं. पण त्याला ते बोलणं मी पुरवलं होतं. एका सकाळी त्याने अण्णांची हत्यारांची लोखंडी पेटी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवली. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. मी ऑफिसला निघालो होतो, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतो. अजूनही एका वाक्यात ते थांबवता आलं असतं. मी बसची वेळ पाहिली आणि त्यांच्या मधून निघून गेलो.

गावात बोललं जायला लागलं. गिरणीत, सलूनमध्ये. 'सोपानअण्णानं घाई केली म्हणं.' 'म्हातारपणी भान ऱ्हात न्हाई.' लोकांनी त्यांना यंत्राबद्दल विचारणं बंद केलं. गिरणीवाल्याने बाहेरचा मेकॅनिक बोलावला, आणि तो आत काम करत असताना अण्णा समोरून मेथीची जुडी घेऊन गेले. त्यांनी मान वळवली नाही.

काकू मला दिसायच्या. त्या त्या दिवशी अण्णांना आमटी वाढत होत्या. मी ओरडलो तेव्हा नवरा ताटावरून उठलेला त्यांनी पाहिला होता. त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही. फक्त वरती भाजी पाठवायच्या, ती बंद झाली.

गाडी मी वर्कशॉपला ओढून नेली. त्यांनी दोन दिवसांत गिअरबॉक्स बसवून दिला. चार महिन्यांनी आम्ही मारुंजीला राहायला गेलो. मृणालचं ऑफिस हिंजवडीला, जाणं-येणं सोपं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तिलाही तेच सांगितलं. सामान भरलेला टेम्पो निघताना अण्णा बाहेर आले. "सांभाळून जावा," म्हणाले.

पुढच्या वर्षी आमच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह झाला. प्रत्येक खात्याने एक अनुभव सांगायचा होता. मला विचारलं, आणि मी अण्णांची गोष्ट सांगितली. नाव न घेता. एक जुना, अनुभवी फिटर, स्वतःवर वाजवीपेक्षा जास्त भरवसा, नको म्हटलेलं ऐकलं नाही, आणि दोन बोटं गेली. मी ती चांगली सांगितली. शेवटी आवाजही जरा कापरा केला. टाळ्या झाल्या. स्टीलची पाण्याची बाटली बक्षीस मिळाली.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतला एक ऑपरेटर उभा राहिला. पन्नाशीचा, हीट ट्रीटमेंटला असतो. खवचटपणा नव्हता त्याच्या आवाजात, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. म्हणाला, "साहेब, पेटीखाली ते गेले, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

मी म्हणालो, "मी तिथेच होतो."

"मग ते कशाला गेले?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय, ते आठवत नाही. घरी आलो आणि मृणालला सगळं सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, "काकूंना माहीत होतं?" मी हो म्हणालो. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली.

पुढच्याच रविवारी मी तळवड्याला गेलो. ओट्यावर अण्णा होते, पांढरा शर्ट, नवी टोपी. कुणाच्या तरी लग्नाला निघायची तयारी चालली होती. दत्ता गाडीत आहेराच्या पिशव्या ठेवत होता. मला पाहून तो हसला. "या साहेब! लई दिवसांनी." त्याच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं. चौदा महिने तो मला चांगला माणूस समजत होता.

मी म्हणालो, "दत्ताभाऊ, दोन मिनिटं बसा. काकूंनाही बोलवा."

आणि मी सांगितलं. "त्या दिवशी अण्णा गाडीखाली नव्हते. अण्णा जेवायला गेले होते. हात लावू नका असं मला सांगून गेले होते. मी लावला. ते मला काढायला आले."

दत्ता माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं, आणि असं वाटणं हाही माझाच स्वार्थ होता. तो बापाकडे वळला. "दादा, खरं हाय का?" अण्णांनी टोपी सारखी केली. त्याने आईकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "ताटावरनं उठले हुते."

"आन मी..." दत्ता म्हणाला. "वरीसभर मी ह्या माणसाला..." तो बापाच्या हाताकडे बघत होता. "हत्यारं मी घातली भंगारात. ह्या हातानं." तो आत गेला. मोरीत पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आला तेव्हा तोंड ओलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी जावा आता," आणि जाऊन गाडीत बसला. काकूही गेल्या.

ओट्यावर आम्ही दोघंच उरलो.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी घाबरला हुता. आन दत्ता तापट. तिथंच तुमच्या अंगावर गेला असता." ते सावकाश बोलत होते. "घाबरल्या माणसाचं बोलणं धरून ठेवायचं नसतंय."

"आणि नंतर?"

"नंतर मी वाट बघितली. म्हणलं आज येत्याल, उद्या येत्याल. हत्यारं गेली त्या दिवशी लई वाट बघितली." ते जरा थांबले. "मग तुमी सामान बांधलं."

त्यात राग नव्हता. क्षमाही नव्हती. झालं ते त्यांनी मांडलं, जसं होतं तसं. मी माफ करा म्हणणार होतो, घरून ठरवून आलो होतो, पण त्या बोलण्यानंतर तो शब्द तोंडातून निघेना.

पुढच्या थंडीत अण्णा गेले. मला दोन दिवसांनी कळलं, जुन्या शेजाऱ्याच्या मेसेजवरून. मी दत्ताला फोन लावला, त्याने उचलला नाही, आणि उचलला नाही याबद्दल त्याला दोष देता येत नाही. गिरणीवाला नंतर भेटला तेव्हा म्हणाला, शेवटच्या वर्षात लोक पुन्हा अण्णांना हाका मारायला लागले होते. दत्ता स्वतः गावभर सांगत फिरला होता, खरं काय झालं ते. गिरणीच्या मोटारीचा आवाज ऐकायला अण्णांना बोलावलं होतं. त्यांनी ऐकलं, आणि काय करायचं ते दत्ताला सांगितलं. पाना दत्ताने धरला होता.

मी मात्र त्यांना पाहिलं ते त्या रविवारीच, शेवटचं.

दत्ताने हॉर्न वाजवला. अण्णा उठले. पायरीवर आले आणि थांबले. डाव्या मनगटाचं बटण उघडं होतं. उजव्या हाताने ते लावायला गेले, उरलेली बोटं आणि आखडलेला अंगठा बाहीवर दोनदा घसरले. मग त्यांनी तो हात खाली घेतला आणि डावं मनगट माझ्यापुढे धरलं.

"एवढं लावा."

शर्ट नवा होता, काज घट्ट होतं. बटण काही जाईना. ते उभे राहिले. गाडीत सगळे वाट बघत होते, दत्ताने पुन्हा हॉर्न दिला, पण त्यांनी हात मागे ओढला नाही. माझ्यापासून चार बोटांच्या अंतरावर त्यांचा तो दुसरा हात होता, आणि मी त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होतो.

शेवटी बटण गेलं. त्यांनी मनगट फिरवून पाहिलं, पायऱ्या उतरले, पुढच्या सीटवर दत्ताशेजारी बसले आणि दार डाव्या हाताने ओढून घेतलं. गाडी कोब्यावरून वळली आणि देहूच्या रस्त्याला लागली.